गंगाजळीचा आकडा आणि त्यामागची देणी

१९९७ च्या मे-जून महिन्यांत थायलंडच्या मध्यवर्ती बँकेकडे ३० अब्ज डॉलरहून अधिक परकीय चलन होते. बँक तसे जाहीर करत होती आणि आकडा खोटा नव्हता. डॉलर खरोखरच तिच्या खात्यात होते. २ जुलैला बाहत या थाई चलनाचा बांधलेला दर सोडून द्यावा लागला आणि ऑगस्टमध्ये जगाला कळले, की यातले २३ अब्जांहून अधिक डॉलर बँकेने वायद्याने आधीच देऊन टाकलेले आहेत.

रीत अशी होती. बाहतवर दबाव आला की बँक बाजारात डॉलर विकून बाहत उचलत असे. साठा घटलेला दिसू नये म्हणून लगोलग दुसऱ्या करारातून तेवढेच डॉलर परत घेत असे, आणि काही महिन्यांनी ते ठरल्या दराने माघारी देण्याचे वचन देत असे. डॉलर साठ्यात दिसत राहिले आणि वचन कुठेच दिसले नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात ती ही अवस्था. त्या जूनमध्ये कोणी देशांची यादी मांडून ३० अब्जांचा थायलंड आणि १० अब्जांचा दुसरा एखादा देश शेजारी-शेजारी ठेवला असता, तर थायलंड तिप्पट सुरक्षित दिसला असता. त्या दुसऱ्या देशाने कोणाला काही वचन दिलेले नसेल, तर खरे चित्र नेमके उलटे होते.

अशा याद्या आजही रोज मांडल्या जातात. अमुक देश चौथा, तमुक देश पाचवा, एकाने दुसऱ्याला मागे टाकले, कोणाची गंगाजळी विक्रमी उंचीवर. मंत्री त्या आकड्याचा दाखला देतात, विरोधक तो घसरला की धारेवर धरतात. माझे म्हणणे असे, की दोन देशांच्या परकीय चलनसाठ्यांची ही तुलना केवळ अपुरी नाही, ती घातक आहे. ज्या वेळी लोकांनी सावध व्हायला हवे त्या वेळी ती त्यांना निर्धास्त करते, आणि जिथे काहीच बिघडलेले नसते तिथे घबराट पसरवते. साठा कोणत्या वाटेने आला आणि त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे हे सांगितल्याशिवाय दोन आकडे एका ओळीत ठेवणे बंद व्हायला हवे.

साठ्याची जागा आधी पाहू. एखाद्या देशातले रहिवासी आणि बाहेरचे जग यांच्यात वर्षभरात जे जे व्यवहार होतात त्यांची नोंद म्हणजे व्यवहारतोल. वस्तू आणि सेवांची आयात-निर्यात, व्याज, लाभांश, परदेशांतून घरी पाठवलेले पैसे हे सगळे चालू खात्यात येते. थेट गुंतवणूक, शेअर-रोख्यांत आलेला पैसा, कर्जे आणि ठेवी वित्तीय खात्यात येतात. या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन जे शिल्लक राहते किंवा कमी पडते, ते मध्यवर्ती बँकेच्या साठ्यात भर किंवा घट म्हणून नोंदवले जाते. म्हणजे साठ्यातली भर ही बाकीच्या सगळ्या ओळींचे उत्तर आहे. गणित न पाहता फक्त उत्तरांची तुलना करायची, असा आपला खाक्या आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची व्याख्याही बारकाईने वाचण्याजोगी आहे. जी परकीय मालमत्ता चलनाधिकाऱ्यांच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या किंवा अर्थमंत्रालयाच्या, ताब्यात आहे आणि गरज पडताच वापरता येईल, तिलाच राखीव साठा म्हणावे, असे ती सांगते. सोने, परकीय सरकारांचे रोखे, परदेशी बँकांतल्या ठेवी, नाणेनिधीतला राखीव हिस्सा आणि नाणेनिधीने सदस्य देशांना वाटलेले विशेष उचल अधिकार हे त्यात येतात. ‘ताब्यात’ आणि ‘गरज पडताच’ हे दोन शब्द या व्याख्येचा प्राण आहेत. त्यांच्याकडे काणाडोळा केला की काय होते ते पुढे येईलच.

तक्ते वाचणाऱ्याने आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. भारताच्या व्यवहारतोलाच्या नेहमीच्या तक्त्यात साठ्यातल्या वाढीपुढे वजा चिन्ह असते, कारण परकीय मालमत्ता घेणे म्हणजे पैसा बाहेर जाणे. अमेरिकेच्या तक्त्यात तीच वाढ मालमत्तेतली भर म्हणून अधिक चिन्हाने येते. दोन्ही तक्ते बरोबर आहेत. पण शेजारी ठेवून घाईने वाचले तर एकाची भर ती दुसऱ्याची घट ठरते. चांगल्या शिकलेल्या माणसांचीही इथे फसगत होते.

याहून मोठी गफलत होते ती साठा, म्हणजे एका तारखेची शिल्लक, आणि प्रवाह, म्हणजे वर्षभरातली ये-जा, यांत. २०१५ या एका वर्षात चीनचा साठा ३,८४३ अब्ज डॉलरवरून ३,३३० अब्जांवर आला, म्हणजे सुमारे ५१३ अब्जांची घट झाली. चीनमधून पैसा पळतो आहे अशी जगभर ओरड झाली. पण त्याच वर्षाच्या चीनच्या व्यवहारतोलात साठ्यातली घट आहे सुमारे ३४३ अब्जांची. मग उरलेले १७० अब्ज गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. साठ्याचा काही भाग युरो, येन आणि इतर चलनांत होता. त्या वर्षी डॉलर वधारला, त्यामुळे ती मालमत्ता डॉलरमध्ये मोजताना लहान दिसू लागली. व्यवहारतोलात फक्त प्रत्यक्ष व्यवहार येतात, किमतीतले चढउतार येत नाहीत. ते चढउतार साठ्याच्या आकड्यात मात्र मुकाट्याने मिसळलेले असतात.

भारतात २०२२ मध्ये हेच झाले. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत साठा सुमारे ७५ अब्ज डॉलरने आटला. व्यवहारतोलाच्या हिशेबाने त्यातली घट २६ अब्जांच्या आसपास होती. बाकीची घट अमेरिकेतले व्याजदर चढल्यामुळे रोख्यांच्या किमती पडल्या आणि डॉलर महागला, त्यामुळे दिसली. रिझर्व्ह बँकेने रुपया सावरण्यासाठी सगळे ७५ अब्ज उधळले, असा समज मी तेव्हा भल्याभल्यांच्या तोंडून ऐकला. बँकेने मूल्यबदलाचा खुलासा केला होता, पण खुलासा आतल्या पानांत राहतो आणि आकडा मथळ्यात जातो.

आता अशा दोन देशांची कल्पना करा, की एकाने सगळा साठा डॉलरमध्ये ठेवला आहे आणि दुसऱ्याने निम्मा युरोत. दोघांनी वर्षभर एकही व्यवहार केला नाही. तरी वर्षअखेरीस एक जण यादीत वर चढेल आणि दुसरा घसरेल. त्या चढण्याला कर्तबगारी म्हणायचे का?

सोन्याने तर या गोंधळावर कळस चढवला आहे. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात तिथले ८,१०० टनांहून अधिक सोने आजही कायद्याने ठरवलेल्या सव्वाबेचाळीस डॉलर प्रतिऔंस या दराने धरले जाते. हा दर १९७३ पासून बदललेला नाही. त्यामुळे पुस्तकात त्याची किंमत भरते अवघी ११ अब्ज डॉलर. बाजारभावाने तीच कितीतरी पट अधिक भरते. तुलना करणाऱ्याने कोणता दर धरला यावर अमेरिकेची जागा ठरते. युरोपातले एक उदाहरण तर विलक्षण आहे. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशियाने युरो स्वीकारला आणि त्याच्या मध्यवर्ती बँकेकडची युरोतली मालमत्ता एका रात्रीत ‘परकीय’ राहिली नाही. साठ्याचा आकडा कोसळला. देश मात्र बाह्य संकटांपुढे पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित झाला होता.

हे सगळे मोजमापाचे प्रश्न झाले, आणि चिकाटीने हिशेब केला तर ते सुटतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वाटेचा. साठा आला कुठून?

चीनचा साठा वाढला तो मुख्यतः चालू खात्याच्या वाटेने. २००७ च्या सुमारास त्या खात्यावरचे आधिक्य देशाच्या सकल उत्पादनाच्या १० टक्क्यांच्या घरात होते. जगाला जितके विकले त्याहून खूपच कमी जगाकडून घेतले आणि राहिलेले डॉलर मध्यवर्ती बँकेने उचलले. भारताची वाट वेगळी आहे. मोजकी वर्षे सोडली तर भारताच्या चालू खात्यावर तूट असते. तरी २००७-०८ या एका वर्षात व्यवहारतोलाच्या हिशेबाने भारताच्या साठ्यात ९२ अब्ज डॉलरची भर पडली. ते पैसे वित्तीय खात्यातून आले. परदेशी गुंतवणूकदारांनी घेतलेले शेअर, कंपन्यांनी काढलेली परदेशी कर्जे, अनिवासी भारतीयांच्या ठेवी, थेट गुंतवणूक अशी त्यांची रूपे. साठ्यात पडलेल्या त्या प्रत्येक डॉलरसमोर बाहेरच्या कोणाचा तरी हक्क उभा राहिला.

म्हणून या दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना हे म्हटलेच पाहिजे, की एकाचा साठा प्रामुख्याने कमावलेला आहे आणि दुसऱ्याचा प्रामुख्याने सांभाळायला आलेला. सांभाळायला आलेला पैसा वाईट असतो असे नाही. कारखाना उभारायला आलेला डॉलर रातोरात उठून जात नाही. पण रोख्यांत आलेला जाऊ शकतो आणि ठेवीची मुदत संपली की ती परत करावीच लागते. २०१३ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले आणि रुपया कोसळू लागला. त्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सवलतीच्या दराने विनिमय संरक्षण, म्हणजे पुढे ठरल्या दराने डॉलर परत देण्याची हमी, दिले, आणि अनिवासींच्या ठेवी व बँकांची परदेशी कर्जे मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर देशात आले. साठा सावरला, रुपया स्थिरावला. उपाय योग्य होता असेच मी मानतो. पण ठेवींची मुदत तीन वर्षांची होती आणि २०१६ च्या अखेरीस त्या फेडाव्या लागल्या. मधली तीन वर्षे कोणी भारताचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडून पाहत असेल, तर त्यात परतीच्या तारखा लिहिलेले ३४ अब्ज मिसळलेले होते.

मात्र ‘कमावलेला चांगला, उसना वाईट’ एवढ्यावर थांबलो तर आपणही दुसऱ्या टोकाची घाई करू. जपानचे उदाहरण घ्या. तिथला साठा १,००० अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि तो बव्हंशी अर्थमंत्रालयाच्या खास खात्यात आहे. ते डॉलर घेण्यासाठी लागणारे येन सरकारने अल्पमुदतीचे रोखे विकून उभे केले. म्हणजे तोही कर्जाने उभारलेला साठा. पण ते कर्ज येनमध्ये आहे आणि येन हे जपानचे स्वतःचे चलन आहे. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये येन घसरत असताना जपानने साठ्यातले डॉलर विकले, तेव्हा त्या साठ्यावर डॉलरमध्ये हक्क सांगणारा कोणी परदेशी सावकार दारात उभा नव्हता. स्वित्झर्लंडची गोष्ट आणखी निराळी. युरोच्या संकटात भांबावलेला पैसा फ्रँककडे धावला, फ्रँक डोईजड होऊ लागला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही सीमा आखली. ती राखण्यासाठी नवे फ्रँक निर्माण करून परकीय चलन विकत घेतले. जानेवारी २०१५ मध्ये सीमा सोडून दिली तोवर साठा डोंगराएवढा झाला होता. तो डोंगर गरजेपोटी उभा राहिला नाही. आपले चलन लोकांना फार हवेसे झाले म्हणून तो उभा राहिला. अशा देशाची तुलना डॉलरसाठी दारोदार फिरणाऱ्या देशाशी करायची आणि म्हणायचे, पहा, त्याच्याकडे किती आहे!

तेव्हा उसनवारीपेक्षा मोठा प्रश्न हा, की देणे कोणत्या चलनात आहे आणि ते मागायला येणारा कोण. आणि चीनसारखी कमावलेली पुंजीसुद्धा अभेद्य नसते. जून २०१४ मध्ये चीनचा साठा ४,००० अब्ज डॉलरला टेकला होता. जानेवारी २०१७ मध्ये तो ३,००० अब्जांच्या खाली गेला. या सगळ्या काळात चालू खात्यावर आधिक्यच होते. बाहेर जात होता तो देशातल्याच कंपन्यांचा आणि कुटुंबांचा पैसा. साठ्यावर हक्क फक्त परदेशी सावकारांचा असतो ही समजूत तिथे मोडली. देशातल्या बँकांमधल्या ठेवींचे धनी उद्या डॉलर मागायला आले तर काय, हाही प्रश्न विचारावा लागतो.

शिवाय पैसा कोणत्या खिशात ठेवला आहे तेही पाहावे लागते. नॉर्वे आणि सौदी अरेबिया हे दोघेही तेल विकून श्रीमंत झालेले देश. सौदी मध्यवर्ती बँकेचा साठा ४०० अब्ज डॉलरच्या वर, नॉर्वेचा १०० अब्जांच्या आत. यादी वाचून नॉर्वे गरीब ठरतो. पण नॉर्वेचा तेलाचा पैसा एका वेगळ्या सार्वभौम निधीत आहे, तो १,५०० अब्ज डॉलरहून मोठा आहे, आणि व्यवहारतोलात त्याची गुंतवणूक राखीव साठ्याच्या ओळीत येत नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सौदी मध्यवर्ती बँकेने ४० अब्ज डॉलर आपल्या साठ्यातून देशाच्या गुंतवणूक निधीकडे वळवले, तेव्हा साठा तेवढ्याने घटला. देश तेवढ्याने गरीब झाला नव्हता.

किती साठा पुरेसा, याचेही उत्तर प्रत्येकाला सारखे नाही. तीन महिन्यांच्या आयातीइतका असावा हा जुना अडाखा आहे. पैसा देशांच्या सीमा सहज ओलांडत नव्हता त्या काळाला तो साजेसा होता. १९९७ नंतर दुसरा निकष पुढे आला: पुढच्या वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाइतका साठा हाताशी हवा. नाणेनिधीने २०११ मध्ये यांचा मेळ घालून एक मोजपट्टी बनवली आणि पुढे तिचे आकडे सुधारले. चलनाचा दर तरता, म्हणजे बाजारावर सोडलेला, असलेल्या देशासाठी निर्यातीच्या ५ टक्के, देशातल्या व्यापक पैशाच्या (रोकड आणि बँकांतल्या ठेवी मिळून) ५ टक्के, अल्पमुदतीच्या परकीय कर्जाच्या ३० टक्के आणि इतर गुंतवणुकीच्या देण्यांच्या १५ टक्के यांची बेरीज करायची. दर बांधलेला असेल तर पहिले दोन आकडे १० होतात आणि शेवटचा २०. म्हणजे दर बांधण्याच्या वचनाला किंमत आहे आणि ती साठ्यात मोजावी लागते. हाँगकाँगने १९८३ पासून आपले चलन अमेरिकी डॉलरला बांधून ठेवले आहे, त्यामुळे त्या चिमुकल्या प्रदेशाला ४०० अब्ज डॉलरच्या घरातला साठा बाळगावा लागतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर १९८३ मध्ये दर मोकळा सोडला. त्यानंतर कितीतरी वर्षे चालू खात्यावर तूट राहिली, साठा बेताचाच राहिला आणि तरी देश डगमगला नाही, कारण धक्का आला की दरच खाली-वर होतो, आणि परदेशी देणी बरीचशी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये किंवा विनिमयाच्या धोक्यापासून करारांनी झाकलेली असतात. या दोघांत अधिक सुरक्षित कोण हे साठ्याच्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

आता व्याख्येतल्या त्या दोन शब्दांकडे येऊ. दक्षिण कोरियाचा जाहीर साठा ऑक्टोबर १९९७ अखेर ३० अब्ज डॉलरच्या आसपास होता. त्यातला मोठा भाग मध्यवर्ती बँकेने कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांत ठेव म्हणून ठेवला होता. त्या शाखांची कर्जे थकू लागली होती, त्यामुळे ते डॉलर मागितले असते तर आपलीच बँक बुडाली असती. नोव्हेंबरअखेर खरोखर वापरता येण्याजोगे डॉलर ८ अब्जांहूनही कमी उरले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाणेनिधीचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले. ताब्यात होते, पण गरज पडताच वापरता येत नव्हते. रशियाच्या बाबतीत तर ताबाच नाहीसा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्याकडे ६३० अब्ज डॉलरहून अधिक साठा होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर काही दिवसांतच पाश्चात्त्य देशांनी त्यातले सुमारे ३०० अब्ज गोठवले. साठा कोणाच्या तिजोरीत आणि कोणाच्या चलनात आहे हा प्रश्न तोवर जाणकारांपुरताच होता. त्यानंतर तो साऱ्या जगाचा झाला.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. साठ्याचा एक ठसठशीत आकडा लोकांना धीर देतो. त्यामागची वचने, परतीच्या तारखा, अडकलेल्या ठेवी असे सगळे उघडे केले, तर सट्टेबाजांना नेमके कुठे घाव घालायचा ते कळेल, असे अनेक मध्यवर्ती बँकांचे अधिकारी वर्षानुवर्षे म्हणत आले. धीर ही खरी गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. पण थायलंड आणि कोरियात झाकलेल्या गोष्टी झाकलेल्या राहिल्या नाहीत. त्या सर्वांत वाईट क्षणी बाहेर आल्या, आणि तोवर बँकेने आणखी डॉलर वचनात गुंतवले होते. सत्य आधी दिसले असते तर दर आधी सैल करावा लागला असता, नुकसान कमी झाले असते. नोकऱ्या गेल्या त्या हा आकडा पाहून निश्चिंत राहिलेल्या सामान्य माणसांच्या. याच अनुभवामुळे नाणेनिधीने १९९९ मध्ये साठ्याच्या माहितीचा एक सविस्तर नमुना ठरवला. त्यात साठ्यासोबत पुढच्या वर्षभरातली परकीय चलनातली देणी आणि वायद्यांची बाजूही द्यावी लागते. आज अनेक देश तो दरमहा भरतात. भारताचेच पाहा. २०२५ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेची निव्वळ वायदा विक्री ७५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती, बँकेने ती स्वतःच प्रसिद्ध केली होती, आणि त्यावरून आभाळ कोसळले नाही. ६०० अब्जांहून मोठ्या साठ्यापुढे ते ओझे पेलण्याजोगे होते आणि ते दिसत होते. उघडेपणाने घबराट होते हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की साठा कसाही आलेला असो, मोठा असलेला बरा. यातही तथ्य आहे. आशियातल्या देशांनी १९९७ नंतर साठे वाढवले ते नाणेनिधीच्या अटींपुढे पुन्हा मान तुकवायला लागू नये म्हणून, आणि त्यांचा तो निर्धार मला समजतो. पण साठा फुकट मिळत नाही. तो अमेरिकी रोख्यांत कमी व्याजाने पडून राहतो आणि त्याच देशातल्या कंपन्या बाहेरून चढ्या व्याजाने कर्ज काढतात. डॉलर विकत घेताना बाजारात सोडलेले देशी चलन परत शोषायलाही व्याज लागते. किमतीचा धोका वेगळाच. स्विस मध्यवर्ती बँकेला २०२२ या एका वर्षात १३२ अब्ज फ्रँकचा तोटा झाला. श्रीमंत देश तो सोसतो. गरीब देशात त्याच पैशातून काय काय झाले असते, हा विचार यादीतल्या क्रमांकापुढे कोणी करत नाही.

म्हणून माझी मागणी आकडा लपवण्याची नाही, त्याला एकटा न सोडण्याची आहे. कोणत्याही दोन देशांच्या गंगाजळीची तुलना छापताना व्यवहारतोलाच्या हिशेबातली भर-घट वेगळी द्यावी, म्हणजे किमतीतला खेळ बाजूला पडेल. वर्षभरात फेडायचे परकीय कर्ज द्यावे. वायदे आणि उसने घेतलेले चलन वजा करून हाती काय उरते ते द्यावे. हे आकडे बहुतेक देशांचे उपलब्ध असतात, ते शोधायला अर्धा तास पुरतो. अर्थमंत्र्यांनी संसदेत गंगाजळीचा दाखला दिला तर सभागृहाने याच तीन गोष्टी विचाराव्यात. जिथे त्या मिळत नाहीत, तिथे न मिळणे हीच मोठी बातमी आहे.

श्रीलंकेत २०२१ च्या नोव्हेंबरअखेर साठा दीड अब्ज डॉलरच्या थोडा वर होता. डिसेंबरअखेर तो ३ अब्जांच्या पुढे गेला. महिनाभरात दुप्पट! निर्यात दुप्पट झाली नव्हती, पर्यटक दुपटीने आले नव्हते. चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेला १० अब्ज युआनचा चलन अदलाबदलीचा करार साठ्यात धरला गेला होता. ते युआन वापरायला अट होती, की देशाकडे तीन महिन्यांच्या आयातीइतका साठा असला पाहिजे. तेवढा साठा असता तर ते वापरण्याची वेळच आली नसती. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. मेच्या पहिल्या आठवड्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की वापरता येतील असे ५ कोटी डॉलरही आता शिल्लक नाहीत. प्रसिद्ध आकडा तेव्हाही दीड अब्जाच्या वरच होता, आणि बाहेर इंधनासाठी आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी लोक रांगेत उभे होते.